तीन दिवसांची खोली

सहलीला कुठल्याही बंगल्यावर पोचलो की शकूआत्या आम्हा सगळ्यांना सामानासकट व्हरांड्यात उभं करायची आणि एकटी आत जायची. एकेका खोलीत शिरायची, दार लावून घ्यायची आणि आत बसायची. खोली पाहायची नाही, बसायची. आम्ही पोरं भुकेनं कळवळतोय, काका घड्याळ बघतोय, काकू बंद दाराकडे पाहून नाक मुरडतेय, चौकीदार किल्ल्यांचा जुडगा घेऊन बावचळलाय. पण आत्याचं आपलं चालूच. सगळ्या खोल्यांत बसून झालं की ती बाहेर यायची आणि पाटलिणीच्या थाटात वाटप करायची. ‘तू घोरतं, तू मांगची खोली घे. पोरंवाल्यायनं बाथरूमच्या जवळ राहाचं.’ आणि शेवटी सगळ्यात चांगल्या खोलीकडे बोट करून म्हणायची, ‘हे माही.’ काकूला ते कधीच पचलं नाही. ‘ताई, एकट्या जीवाला एवढी मोठी खोली कशाला?’ असं तिनं एकदा विचारलंच. आत्या म्हणाली, ‘एकट्या जीवालेच लागते वं खोली. दुकट्याले तं कोपराही पुरते.’ आणि आपली बॅग उचलून आत गेली.

हे तिचं राज्य वर्षातून तीन दिवसांचं. उरलेलं वर्ष ती दिवाणावर झोपायची.

माझे आजोबा भंडाऱ्याकडचे. भिलाईच्या स्टील प्लांटच्या नोकरीत असतानाच ते गेले, तेव्हा शकूआत्या नुकती कॉलेजात गेली होती आणि तिच्या पाठचे दोन भाऊ शाळेत होते. घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती, ती थोरलीला मिळाली. ती ऑफिसात क्लार्क झाली, सेक्टरमधलं प्लांटचं क्वार्टर तिच्या नावावर झालं, आणि तिच्या लग्नाचा विषय भावांच्या शिक्षणामागे जो गेला तो पुन्हा पुढे आलाच नाही. माझे वडील खाणीत लागले आणि आम्ही नंदिनी नगरला राहायला गेलो. धाकटा, म्हणजे माझा काका, बहिणीजवळच राहिला. त्याचं लग्न झालं तेव्हा आतली खोली नव्या जोडप्याला दिली गेली. त्यात वावगं काही नव्हतं. आत्याची गादी बाहेरच्या खोलीत दिवाणावर आली. ‘काही दिवसांसाठी,’ असं काका म्हणाला होता म्हणे. आत्या रिटायर झाली तरी ते काही दिवस संपले नव्हते.

बाहेरची खोली म्हणजे रस्ताच. टीव्ही तिथं, पाहुणे तिथं, पावसाळ्यात काकाची स्कूटरही तिथं. शेवटचा माणूस टीव्ही बंद करेल तेव्हा आत्याची झोप सुरू, आणि दूधवाल्यानं कडी वाजवली की संपली. साडी बदलायला ती न्हाणीघरात जायची. डोकं दुखलं तर पदर तोंडावर ओढून घ्यायचा, तेवढाच आडोसा. क्वार्टर तिच्या नावाचं, आणि त्यात दार लावून बसायला तिला जागा नव्हती. लहानपणी हे मला कुठं दिसायला? आत्या म्हणजे खेकसणारी, पोरांना कामाला लावणारी बाई, एवढीच आमची ओळख. तिचा स्वभाव गोड होता असं मी आज तिच्या मागेही म्हणणार नाही.

सहलीची टूम तिनंच काढली. नाताळच्या सुमारास दोन्ही भावांच्या बिऱ्हाडांनी मिळून तीन दिवस कुठं तरी जायचं, आणि जागा तिनं ठरवायची. हॉटेलचं नाव काढलं की ती भडकायची. ‘हॉटेलात राहाले गाव कावून सोडाचं? हॉटेलं तं आपल्या पावर हाउसच्या बजारातही आहेत.’ तिला घर लागायचं. जंगलखात्याचा जुना बंगला, एखाद्या मालगुजाराची कोठी, मिशनच्या कुणा डॉक्टरनं बांधून ठेवलेलं कौलारू घर. ‘घराले स्वभाव पाह्यजे,’ ती म्हणायची. ‘ज्या घरात कोनी कधी रागानं दार आपटलं नाही, तिथं मले झोप येत नाही.’ ऋतूंचंही तिचं शास्त्र होतं. हिवाळ्यात उगवतीकडे व्हरांडा हवा. पावसाळ्यात वर कौलं हवीत, पत्रा नको. उन्हाळ्यात भिंत इतकी जाड हवी की खिडकीत मांडी घालून बसता यावं. पावसाळ्या-उन्हाळ्यात आम्ही कधी कुठं गेलो नाही, तरी ती कौलं आणि ती भिंत तिनं ठरवून ठेवलेली होती.

फोनवर तिचा विश्वास नव्हता. एखाद्या रविवारी पावर हाउसहून बस पकडून ती एकटीच आधी जागा पाहून यायची आणि चौकीदाराची उलटतपासणी घ्यायची. ‘भैया, सबसे पहले धूप कौन से कमरे में आती है? कौन से कमरे में रसोई का आवाज नहीं पहुँचता?’ तो बिचारा डोकं खाजवायचा. एकदा डोंगरातला एक बंगला तिनं असाच पसंत केला होता. आम्ही पोचेपर्यंत मालकानं त्याला गुलाबी रंग फासला, खोल्यांवर नंबर ठोकले आणि व्हरांडा काचांनी बंद करून टाकला. आत्यानं जीपमधून पाय खाली टाकला नाही. ‘याचा स्वभावच पुसून टाकला ना जी. चला.’ भरली जीप वळली आणि दुसरं घर सापडेपर्यंत आम्ही पोरं घाटात ओकून ओकून अर्धी झालो. ही गोष्ट काका अजून हसत हसत सांगतो.

काकूचं हसणं वेगळं होतं. आत्या अशी जागा पाहायला निघाली की ती शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, ‘ह्यांना पाहायला कुणी आलं नाही, म्हणून ह्याच जातात घरं पाहायला.’ एकदा हे आत्यानं ऐकलं. पायातली चप्पल नीट करत ती म्हणाली, ‘पाहाले जान्यात मजा असते, तुले का माहीत? नाही म्हनता येते त्यात.’ काकू स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ भांडी आदळत होती.

मी दहावीत असेन. चिल्पीच्या घाटात एका जुन्या बंगल्यावर उतरलो होतो. सगळे धबधबा पाहायला गेले होते आणि माझा पाय मुरगळल्यामुळे मी मागे राहिले होते. आत्या नेहमीप्रमाणे गेलीच नव्हती. सहलीत ती फारशी कुठं जायचीच नाही. दुपारी मी पाणी मागायला तिच्या खोलीत शिरले. तिनं एक खुर्ची खिडकीशी ओढली होती, दुसरीवर पाय ठेवले होते, केस मोकळे सोडले होते. हातात पुस्तक नाही, विणकाम नाही. रिकाम्या हातांची आत्या मी पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं, बरं नाही हिला.

‘काय करून राहिली, आत्या?’

‘काही नाही. हेच कराले आली.’

मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, ‘पानी त्या सुरईत आहे. घे आन दार लावून जा.’

मी दार लावलं. त्या वयात मला तिचा रागच आला होता. इतक्या लांब येऊन बाई खोलीत बसते, मग घरी बसली असती तर काय बिघडलं असतं, असं मला वाटलं. घरी तिला बसायला खोली नाही, हे लक्षात यायला माझं लग्न व्हावं लागलं आणि माझ्या स्वतःच्या खोलीचं दार पहिल्यांदा आतून लावावं लागलं.

ती रिटायर झाली तसं क्वार्टर सोडणं आलं. काकानं जुनवानीला फ्लॅट घ्यायचं ठरवलं. कोणाच्या फंडातून, ते मी सांगत बसत नाही. आमच्या नात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. फ्लॅट निवडायला अर्थातच आत्याला नेलं, कारण तिच्या नजरेबद्दल काकूलाही शंका नव्हती. मीही बरोबर होते. माझे वडील तोवर गेले होते आणि मी लग्न होऊन भिलाईतच राहत होते. आत्यानं चार-पाच फ्लॅट धडाधड नापास केले. शेवटच्यात तीन खोल्या होत्या. ती एकेकीत जाऊन, दार लावून, उकिडवी बसून आली. उगवतीकडच्या खोलीत ती इतका वेळ बसली की बिल्डरचा माणूस मला हळूच विचारायला लागला, ‘मॅडम की तबीयत ठीक है ना?’ ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. ‘हाच घ्या,’ ती काकाला म्हणाली. ‘आन हे माही.’ काका हसला. ‘हो ना बाई, सगळं तुझंच आहे.’

सगळं तुझंच आहे, असं माणूस म्हणाला की समजावं, आपल्याला काही मिळत नाही.

गृहप्रवेशाला मी पोचले तेव्हा उगवतीच्या खोलीत नवा डबल बेड होता, गादीवरचं प्लास्टिक तसंच होतं, खिडकीला जाड पडदे लागले होते. एक खोली काका-काकूंची. दुसरी निखिलची, म्हणजे काकाच्या मुलाची. तो बंगलोरला नोकरी करतो आणि वर्षातून दोनदा येतो. आणि ही गेस्ट रूम. क्वार्टरमधला दिवाण हॉलमध्ये टीव्हीसमोर येऊन बसला होता. काकू आत्याला समजावत होती, ‘आता पाहुणे येणार-जाणार. त्यांना हॉलमध्ये झोपवलं तर बरं दिसतं का? तुम्ही काय, घरच्याच.’

मी आत्याकडे पाहिलं. ती आता फाडफाड बोलेल, असं मला वाटलं. चौकीदारांना उभं-आडवं घेणारी, भरली जीप वळवणारी बाई ती. ती प्रसादाच्या वाट्या भरत राहिली.

तिच्या त्या गप्प बसण्याचा मला काकूपेक्षा जास्त राग आला, आणि मी तो तिला बोलून दाखवला. ‘मांगत कावून नाही? तुही खोली आहे.’ तिनं मान हलवली. ‘बाहेर मांगता येते, पोरी. तिथं नाही म्हनलं तं दुसऱ्या घरी जाता येते. घरात मांगतलं आन नाही म्हनले, तं मंग कुठं जातं?’ मी म्हटलं, माझ्याकडे चल. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे, नवऱ्याचीही ना नाही. ती हसली. ‘तुह्या घरी पावनीच राहीन मी. पावनी झाली असती तं इथंच नसती भेटली खोली?’

सहलीही तिच्या हातून गेल्या. निखिलनं मोबाइलवर रिसॉर्ट बुक केलं. तलाव, स्लाइड, बुफे. खोल्याही तिथंच ठरल्या आणि आत्याला काकूच्या भाचीबरोबर, तिच्या दोन पोरांसकट घातलं. ‘आत्या, ट्रिपल शेअरिंग में सस्ता पड़ता है,’ निखिल म्हणाला. आत्यानं गुडघ्याचं कारण सांगितलं आणि ती घरी राहिली. तिला एकटं टाकून गेले म्हणून मी तणतणत दुसऱ्या दिवशी डबा घेऊन जुनवानीला गेले. बेल वाजवली. कितीतरी वेळानं दार उघडलं. आत्याचे केस मोकळे होते.

ती मला आत घेऊन गेली, सरळ उगवतीच्या खोलीत. पडदे बाजूला सारले होते, गादीवरचं प्लास्टिक काढून घडी करून ठेवलं होतं, डायनिंगची एक खुर्ची खिडकीशी आणि दुसरी तिच्यासमोर. उशाशी पाण्याचा तांब्या. तिची जुनी सहलीची बॅगसुद्धा कोपऱ्यात होती. हॉलमधून शेजारच्या खोलीत यायला बाईनं बॅग भरली होती.

‘या वर्षी हेच पसंत केलं,’ ती म्हणाली. ‘ऊन पाह्य कसं येते. मी म्हनलं नव्हतं?’

मी तिथंच पलंगावर बसून रडले. ती माझ्यावर खेकसली. ‘रडाले आली का इथं? सुट्टी खराब करू नोको माही.’ मग आम्ही डबा खाल्ला. ती रिसॉर्टला नावं ठेवत होती आणि खुशीत होती. तिसऱ्या दिवशी सगळे यायच्या आत तिनं चादर ताणली, प्लास्टिक चढवलं, खुर्च्या जागेवर नेल्या, उशीवरचा केस वेचला. कोणाला सांगू नकोस, असं तिनं मला बजावलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात ते पुन्हा गेले आणि आत्यानं पुन्हा बॅग भरली. सकाळी कामवालीनं बेल वाजवून वाजवून शेवटी मला फोन केला. माझ्याकडे त्या घराची एक किल्ली असायची. हॉलमधला दिवाण रिकामा होता. उगवतीच्या खोलीला आतून कडी लावलेली होती. सुताराला बोलवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नसेल. मी म्हणते, माझी आत्या सुट्टीवर असताना गेली.

काकू आल्या आल्या खूप रडली. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण मग माणसं भेटायला यायला लागली, आणि ती प्रत्येकाला त्या खोलीच्या दारापर्यंत नेऊन सांगायला लागली, ‘वेगळी खोली दिली होती आम्ही त्यांना. सगळ्यात चांगली, उगवतीकडची. शेवटी आपल्याच खोलीत गेल्या.’ येणारा मान डोलवायचा. आजकाल नणंदेला कोण एवढं करतं, असं कुणीतरी म्हणालंही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सगळ्यांसमोर विचारलं, ‘काकू, ती खोली आत्याची कधी झाली?’ काकूनं डोळे पुसत माझ्याकडे पाहिलं. ‘अगं, गेल्या तिथंच ना?’ काका खाली बघत होता.

तेराव्याला आत्याचा फोटो मोठा करून आणला. निखिल खिळा-हातोडी घेऊन उभा होता. ‘मम्मी, आत्या के रूम में लगा दूँ?’ त्यानं सरळ मनानं विचारलं.

‘तिथं नको रे,’ काकू म्हणाली. ‘पाहुणे झोपतात तिथं. मेलेल्या माणसाच्या फोटोखाली कोण झोपेल? हॉलमध्ये लाव.’

काकानं त्याच्या हातून हातोडी घेतली आणि दिवाणावर चढून तिथं वर भिंतीत खिळा ठोकला.