मॅलिंगर म्हणजे आजारी

देवराम गोजर माझे चुलते. अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यानंतर किन्हवलीच्या एसटीतली माणसं त्यांना एका इंग्रजी शब्दानं हाक मारू लागली. "सरका रे, मॅलिंगर आला!" अर्थ कुणालाच धड माहीत नव्हता. वाशिंदच्या एका कारखान्यातून तो शब्द कामगारांबरोबर गावात आला होता. तो म्हटला की हसायचं, एवढं सगळ्यांना कळलं होतं.

काका तिथेच कामाला होते. त्या वर्षी जूनमध्ये ड्रम चढवताना काकांचा पाय घसरला आणि मणक्याची गादी सरकली. शहापूरच्या डॉक्टरांनी कमरेला पट्टा बांधला, पडून राहायला सांगितलं. काका पडून राहिलेही. पण भाताच्या आवणीचे, रोपं लावायचे दिवस आले. आमच्याकडे आवणी सावडीनं होते. तुमच्या शेतावर आमची जितकी माणसं राबतील, तितकी तुम्ही आमच्या शेतावर पाठवायची. शेजारचा कुंडलिक हा काकांचा लहानपणापासूनचा मित्र, त्याच कारखान्यात, त्याच पाळीला. त्याच्या शेतावर आमच्या घरातून दोघांनी जायचं ठरलेलं होतं.

"मी येकटी जाते," रखमीकाकू म्हणाली.

"दोन जायची तिथं येकच गेली, तर त्याच्या घरची काय म्हनतील?"

"म्हनतील, म्हातारा मोडला."

"म्हातारा कोनाला म्हनतेस गो?" म्हणत काका उठलेच.

त्यांना येताना पाहून कुंडलिक धावत आला. त्यानं स्वतःच्या हातानं काकांचा सैल झालेला पट्टा आवळला आणि त्यांना बांधावर गोणपाटावर बसवलं. "देवा, तू नुसतं तोंड चालव. तेवढं तुला बिनपगारी जमतं!" चिखलातल्या बाया खो खो हसल्या. काका दिवसभर बसल्या जागेवरून रोपांच्या मुठी फेकत राहिले. पुढच्या आठवड्यात कुंडलिक आमच्या शेतावर आला आणि एकट्यानं दोघांचं काम केलं. दुपारी सुकटाची चटणी मागून मागून खाल्ली.

कुणीतरी कारखान्यात कळवलं, की देवराम आजारपणाची रजा घेऊन शेतात राबतोय. कुणी, ते कधीच कळलं नाही. चौकशी लागली. काका निर्धास्त होते. चौकशीच्या साहेबांना त्यांनी स्वतःच सांगितलं, "माझा साक्षीदार कुंडलिक. शेत त्याचंच हाय, त्याला विचारा."

साहेबांनी कुंडलिकला विचारलं, "हा तुमच्या शेतात होता?"

"व्हता."

"काम करत होता?"

"मुठी फेकत व्हता."

काका त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. पुढचं वाक्य पट्ट्याचं येणार, गोणपाटाचं येणार. ते आलंच नाही. साहेबांनी पुढचं काही विचारलं नाही आणि कुंडलिक आपण होऊन बोलला नाही. साहेब शेजारच्या माणसाला म्हणाले, "क्लिअर केस ऑफ मॅलिंगरिंग." काकांची नोकरी गेली. दिवाळीत कुंडलिक सुपरवायझर झाला. दोन्ही घरांमधली सावड कुणी काही न बोलता थांबली.

काकांना पुढे वाकता येईना. ते एका वीटभट्टीवर राखणीला बसू लागले. "मॅलिंगर" म्हटलं की ते खाली बघत. मी डिप्लोमाला गेलो, तेव्हा त्यांनी मागितलं ते एवढंच. "कालेजात मोठं पुस्तक असंल. मला काय म्हनतात ते बघ."

मी लायब्ररीतला जाडा इंग्रजी कोश काढला. मॅलिंगर म्हणजे काम चुकवायला आजाराचं सोंग करणं. लढाई टाळण्यासाठी आजारी असल्याचं भासवणाऱ्या शिपायांबद्दल हा शब्द जास्त वापरत. पण खाली त्याचं मूळ दिलं होतं. फ्रेंचमध्ये मालँग्र म्हणजे किरकोळ प्रकृतीचा, आजारी माणूस. सोंग मागाहून चिकटलं. मला एखादा बंद पडलेला पंप सुरू झाल्यासारखा आनंद झाला. शनिवारी एसटीतून उतरलो तो थेट भट्टीवर गेलो.

"काका, मुळात त्याचा अर्थ खरोखर आजारी असाच आहे!"

त्यांनी दोनदा समजावून घेतलं. मला वाटलं, ते हसतील.

"सायबाचं काय," ते म्हणाले. "त्याला मी आजारी का सोंगाड्या, कसं ठाव असनार? त्यानं आपला शब्द लावला. कुंडलिकाला ठाव व्हतं." मग म्हणाले, "तो का गप राहिला, येवढं त्यानं येकदा येऊन सांगावं. पाच वर्सं झाली. रोज समोरून गाडीवरून जातो."

"मी विचारू त्याला?"

"नको रे बाबा. तू विचारलंस तर तो कायतरी सांगंल. आनि मला पुन्हा ते खरं वाटंल."