भोयरकाकांचा ओटा

टाइलच्या सांध्यातून फुगे येत होते.

मी ब्रशने आणखी एकदा साबणाचं पाणी लावलं आणि पाच-सात सेकंद थांबलो. परत फुगे आले. बारीक, ओळीने, एकामागून एक. नळीवर फुगे येतात, रेग्युलेटरवर येतात, शेगडीच्या नॉबपाशी येतात. भिंतीतून आलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"काका, या टाइलच्या मागं काय हाय?"

"वीट हाय. दुसरं काय राहीन?"

"नळी कुठून नेली?"

भोयरकाका थोडे हसले. चांगलं काम केलेला माणूस कौतुकाची वाट पाहताना हसतो तसं. "दिसते का कुठं? नाही ना दिसत? तेच तं! आतून नेली."

मी उठलो, रेग्युलेटर बंद केला, मागचं दार उघडलं, खिडकी उघडली आणि त्यांना म्हणालो, "काका, बाहेर बसू."

तेव्हा मी घाटंजीला एका गॅस एजन्सीत मेकॅनिक होतो. माझं गाव ढाणकी. आई आणि बायको तिकडेच होत्या, कारण मला मिळालेली खोली गोडाऊनच्या मागची होती आणि तिला स्वयंपाकघर नव्हतं. मी खानावळीत जेवायचो. कामाला मात्र दिवसभर दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात असायचो. एका दिवसात सहा-सात घरं. कुठे कांदा परतत असायचा, कुठे डाळीला फोडणी बसायची, आणि मी खाली बसून सिलेंडरच्या तोंडातली रबरी रिंग बदलत असायचो.

त्या वर्षांत कापसाचं फार वाईट चाललं होतं. गावातल्या जिनिंग एकामागून एक बंद पडत होत्या. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना. भोयरकाका अशाच एका जिनिंगमध्ये तीस वर्षं फिटर होते. दोन हंगामांपूर्वी तिला कुलूप लागलं. त्याच सुमारास त्यांचा मुलगा प्रकाश याला पुण्यात बाळ झालं, म्हणून काकू तिकडे गेल्या. महिन्याभरासाठी गेलेल्या काकू दोन वर्षं झाली तरी तिकडेच होत्या. सून नोकरी करत होती. बाळाला पाहायला कोणी नव्हतं.

काका घरी एकटे. हाताला काम नाही. मग त्यांनी स्वयंपाकघर नवं करायला घेतलं. मिस्त्री लावला नाही, मजूर लावला नाही. मातीची जुनी चूल फोडली. विटांचे खांब उभे केले, वर कडप्पा टाकला, भिंतीला पांढऱ्या टाइल लावल्या, ओट्याखाली सिलेंडरसाठी दारं असलेलं कपाट केलं. सहा महिने लागले म्हणे. काम इतकं साफ होतं की मी ओळंबा लावून पाहिला असता तर माझाच ओळंबा चुकला असं वाटलं असतं.

"प्रकाशच्या आईनं सारी जिंदगी खाली बसून धुरात सैपाक केला," ते अंगणात बसल्यावर सांगत होते. "ओटा करून द्या, ओटा करून द्या, असं म्हणत राह्यली. मले सीझनमंदी फुरसत नाही, अन् सीझन सरला का मशिनी खोलायच्या. आता फुरसतच फुरसत हाय."

"नळी काहून दडवली पण?"

"तिले ते लोंबती नळी आवडत नाही. शेजारणीकडं पाहून म्हणत होती, आतडं बाहेर आल्यावानी दिसते."

"आणि नळी एवढी लांब कुठून मिळाली?"

"दोन जोडल्या. मंदी तांब्याचा पाइप टाकला, क्लिपा आवळल्या. माह्या हातचा जोड हाय, शब्बीर. हलणार नाही."

इथे थोडं समजावून सांगतो. गॅसची नळी सलग लागते, जोड चालत नाही. दीड मीटरपेक्षा लांब चालत नाही. आणि ती पूर्ण डोळ्यांपुढे पाहिजे, कारण रबर आज ना उद्या चिरतं. दुसरी गोष्ट, आपल्या घरातला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो. काकांच्या कपाटाची दारं इतकी घट्ट होती की साचलेला गॅस तिथेच बसून राहत होता. त्या काळात संध्याकाळी सहाला लोडशेडिंग व्हायचं. सहाला काका कंदील लावायचे आणि तो ओट्याखाली, कपाटाशेजारी ठेवायचे.

मी सरळ सांगितलं, "ओटा फोडावा लागते. इकडचा खांब अन् टाइल."

मी सिलेंडर उचलून अंगणात आणला, रेग्युलेटर काढला आणि पिशवीत टाकला.

"ते ठेव इथं."

"नाही ठेवू शकत काका."

"तीस वर्षं मशिनी खोलल्या मी. तू मले जोड शिकवून राह्यला?"

मी सायकलवर बसलो. मागे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर रेग्युलेटर परत दिला असता.

दुसऱ्या दिवशी मी एजन्सीत पोचलो तेव्हा काका बाकावर बसलेले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात गॅसचं पुस्तक. शेठनी मला आत बोलावलं.

"शब्बीर, कस्टमरचा रेग्युलेटर काढून आणला?"

"हो शेठ. भिंतीत लीकेज हाय."

"तं सांगून द्यायचं त्याले, की तुमची जबाबदारी. रेग्युलेटर काढायचा हुकूम कोणं देल्ला? म्हातारा सकाळपासून बसून हाय. चार लोक पाहून राह्यले."

"शेठ, मी देतो नेऊन. फक्त तुम्ही लिहून द्या की लीकेज माहीत असून जोडला."

शेठनी माझ्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे पाहिलं. "जास्त बोलून राह्यला तू," असं म्हणून ते फोन करायला लागले. त्यांनी लिहून दिलं नाही. मीही रेग्युलेटर दिला नाही.

बाहेर येऊन मी काकांच्या शेजारी बसलो. रागावलेल्या गिऱ्हाइकाशी काय बोलायचं ते आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात, पण त्यातलं तेव्हा काही आठवलं नाही. मी विचारलं, "काका, जिनिंगमध्ये गाठीत ठिणगी गेली तर काय होते?"

"कायले विचारतो?"

"असंच."

आपला विषय निघाला म्हणून ते बोलले. "बाहेरून काहीच दिसत नाही. वरून गाठ चांगली, थंडी. आतल्या आत धुमसत राह्यते. दोन दिवस, तीन दिवस. मंग कोणी गाठीची पट्टी कापली, हवा लागली का..."

तिथेच थांबले. पुस्तक खिशात घातलं आणि मला काही न सांगता निघून गेले.

चार दिवसांनी एजन्सीत त्यांचा फोन आला. "शब्बीरले पाठवा." मी गेलो. त्यांनी स्वतःच छिन्नी-हातोड्याने खांब फोडला होता. टाइल एकही तुटली नव्हती. सगळ्या सोडवून, धुऊन, भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. नळीचा जोड त्यांनी फडक्यावर ठेवला होता. जोड हलला नव्हता, ते खरंच होतं. पण वरच्या क्लिपेने रबर कापलं होतं, नखाएवढी चीर.

"जोड बराबर हाय," ते म्हणाले. "रबर खराब निघालं."

मी हो म्हणालो.

तो पूर्ण दिवस आम्ही दोघांनी काम केलं. ओट्याला वरून भोक, एकच सलग नळी, समोर दिसेल अशी. कपाटाच्या दारांना खाली आणि वर जाळी. शेगडीची जागा खिडकीच्या वाऱ्यापासून हातभर आत. काका माप घेताना तोंडाने आकडे मोजायचे आणि मी पेन्सिलीने खुणा करायचो. दुपारी त्यांनी अंगणात विटांची चूल मांडून भाकरी टाकल्या, तव्यावर ठेचा भाजला. घाटंजीत आल्यापासून कोणाच्या घरी बसून जेवायची माझी ती पहिली वेळ होती.

दिवाळीला काकू आल्या. काकांनी मला जेवायला बोलावलं, आणि मीही काम बघायच्या निमित्ताने गेलो. काकू ठेंगण्या, शांत. त्यांनी वांग्याची भाजी केली होती. त्या ओट्यावरून हात फिरवत होत्या आणि काका दारात उभं राहून तो हात पाहत होते.

"कसा झाला?" त्यांनी विचारलं. मला वाटतं, माझ्या देखत विचारलं म्हणजे उत्तर चांगलं येईल, असं त्यांना वाटलं असावं.

"छान झाला," काकू म्हणाल्या. मग पोळी उलटता उलटता म्हणाल्या, "पण आता कायले केला? माहे गुडघे उभं राहू देत नाहीत. अन् पंधरा दिवसानं तिकडं जावंच लागते. लेकरू रडते माह्याबिगर."

त्यांनी वाईट मनाने म्हटलं नाही. त्या दमलेल्या होत्या. एका घरातून दुसऱ्या घरात स्वयंपाक करायला आलेल्या बाईसारख्या दिसत होत्या. काका म्हणाले, "बराबर हाय," आणि मला आणखी भाजी वाढली.

काकू गेल्या. आठवड्याने तक्रार आली: भोयर, गॅसचा वास. मी गेलो. साबणाचं पाणी लावलं. काही नव्हतं. रिंग बदलली, चहा घेतला, परत आलो. पंधरा दिवसांनी पुन्हा तीच तक्रार. पुन्हा काही नाही. काका चहा करायचे, जिनिंगच्या गोष्टी सांगायचे, कुठल्या मशीनचा कुठला पट्टा कधी तुटला ते. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मला समजत होतं. समजत नव्हतं असं म्हणणार नाही.

पाचव्या वेळी माझ्याकडे आधीच नऊ तक्रारी होत्या. सायकल पंक्चर झाली होती. एका ठिकाणी खरोखरचं लीकेज सोडून मी त्यांच्याकडे आलो होतो. ब्रश पिशवीत टाकताना मी म्हणालो, "काका, वास नाही. काहीच नाही. विनाकारण फोन नका करू. खऱ्या लीकेजवाल्याले मंग मेकॅनिक भेटत नाही."

ते म्हणाले, "हो. बराबर हाय."

काकूंना म्हणाले होते तसंच.

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मला बरं वाटलं. मग विसरलो. उन्हाळा आला, पोळा झाला, लग्नातल्या शेगड्या, नवीन कनेक्शनं, शाळांचे मोठे सिलेंडर. एकदा एजन्सीत क्लार्क रजेवर होता म्हणून शेठनी मला बुकिंगच्या रजिस्टरवर बसवलं. पानं उलटताना भोयरांचं नाव दिसलं. शेवटचा सिलेंडर दिवाळीत गेला होता. त्याला दहा महिने झाले होते.

एकट्या माणसाचा सिलेंडर तीन महिने जातो. फार काटकसर केली तर चार. दहा महिने जात नाही.

मी रजिस्टर तसंच उघडं टाकून निघालो.

काका होते. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला, पण ठीक होते. ओसरीत रॉकेलचा स्टोव्ह होता, त्याच्या शेजारी एक पातेलं, एक ताट. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. मी आत गेलो. ओटा लखलखत होता. शेगडीवर धुतलेला कपडा घातलेला. नळीवर धूळ नव्हती. रोज पुसत असणार.

"काका, गॅस काहून नाही वापरत?"

"वापरतो ना."

"काका."

ते ओसरीच्या खांबाला टेकले. "तेल उडते. डाग पडतात टाइलवर. ती आली म्हणजे तिले नवा पाह्यजे."

मी मेकॅनिक. माझ्याकडे पाने होते, रिंगा होत्या, ब्रश होता. मी शेगडीवरचा कपडा काढला, घडी करून बाजूला ठेवला, नॉब फिरवला आणि लायटर मारला. निळी ज्योत बरोबर लागली.

"मले भूक लागली," मी म्हणालो. "खानावळ बंद हाय आज."

खानावळ उघडी होती. त्यांनाही माहीत असणार, बाजाराचा दिवस होता. ते काही वेळ ज्योतीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "कांदे चिर." मी चिरले. त्यांनी कढई चढवली, तेल टाकलं, मोहरी तडतडली आणि पांढऱ्या टाइलवर पिवळे ठिपके उडाले. त्यांनी फडकं उचललं, आणि पुन्हा खाली ठेवलं.

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी मी तिथे जेवायचो. तेल आणि भाजी मी न्यायचो. आम्ही फार बोलायचो असं नाही. कधी कधी दोघंही गप्प बसून जेवायचो आणि ताटं धुऊन मी निघायचो. काकू पुढच्या दोन वर्षांत एकदाच आल्या, चार दिवस. मग मला पुसदच्या एजन्सीत काम मिळालं आणि माझं घाटंजी सुटलं. निरोप घ्यायला गेलो तेव्हा काकांनी नळी दाखवली आणि विचारलं, "आणखी किती दिवस चालीन?" मी म्हटलं, दोन वर्षांनी बदला. ते म्हणाले, "मंग तुलेच बोलावतो." बोलावलं नाही.

आता माझ्या हाताखाली चार मेकॅनिक आहेत. नवीन आलेल्याला मी आधी कामाचं सांगतो. सलग नळी, दीड मीटर, डोळ्यांपुढे. कपाटाला जाळी. लीकेज असेल तर रेग्युलेटर काढून आणा, शेठ काही म्हणो. आणि आणखी एक सांगतो, त्याचं कारण सहसा देत नाही. महिन्यातून एकदा बुकिंगचं रजिस्टर पाहा. ज्या घरचा सिलेंडर फार दिवस टिकला, तिथे जाऊन या. तक्रार नसली तरी जा.