पाऊण तासाने सरकणारी दुपार

डॉक्टरांनी पंधरा दिवसांची नोंद मागितली, तेव्हा मला बरंच वाटलं. नोंदी ठेवणं मला जमतं. वाणसामान, नवऱ्याच्या रक्तदाबाचे आकडे, माझ्या गुडघ्याचे व्यायाम, सगळं मी लिहून ठेवते. पन्नाशीनंतर तर जास्तच, कारण न लिहिलेलं आता डोक्यात राहत नाही. सासूबाईंसाठी वेगळी वही काढली आणि रकाने आखले: वार, कधी सुरू झालं, किती वेळ चाललं, त्याआधी घरात काय घडलं.

व्हायचं ते असं. करंजाड्याला चौथ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई दिवसा एकदा, कधी पहाटेही एकदा, उठायच्या आणि जमिनीवरची प्रत्येक वस्तू उचलून वर ठेवायच्या. चपला टीपॉयवर, पायपुसणं खुर्चीवर, तांदळाचा डबा ओट्यावर. मग स्वतः पलंगावर पाय घेऊन बसायच्या आणि दाराच्या उंबऱ्याकडे बघत राहायच्या. रडणं नाही, बडबड नाही. हाक मारली तर ओ द्यायच्या, पण नजर हलायची नाही. दोन तासांनी उतरून सगळं जागच्या जागी ठेवायच्या, पायपुसणंसुद्धा सरळ करून.

एकदा डबा उचलताना त्यांचा तोल गेला. पडता पडता वाचल्या. म्हणून डॉक्टर. ते म्हणाले, "कारण कळलं तर ते टाळू. नाही कळलं तर गोळी आहे. शांत राहतील, पण दिवसाचा बराच भाग झोपेत जाईल." नवरा तेव्हाच गोळीला तयार होता. मला ते पटेना. उठल्यावर मोगऱ्याला पाणी घालणारी, भाजीवाल्याशी वाद घालणारी बाई उरलेलं आयुष्य झोपून काढणार, आणि तेही आम्ही ठरवलं म्हणून. मी म्हटलं, आधी वही भरू दे.

पहिले चार दिवस कारणं शोधण्यात गेले. ओली फरशी बघून होत असेल म्हणून कामवाल्या बाईंची वेळ बदलली. टीव्ही बंद ठेवला. कुकर सकाळीच लावून टाकला. काही जुळेना.

पाचव्या दिवशी दुपारी साडेतीनला मी खुर्चीत बसून गवार मोडत होते. पलंगावरून त्या म्हणाल्या, "पाय वर घे गो बाय."

"आई, फरशी कोरडी आहे."

"आता हाय."

मी पाय वर घेतले. त्यांना बरं वाटावं म्हणून, असं स्वतःला सांगितलं. आम्ही दोघी उंबऱ्याकडे बघत बसलो. समोरच्या इमारतीत कुणाचा तरी मिक्सर चालू होता. दाराच्या फटीतून गार हवा आली आणि त्या हवेला चिखलाचा वास होता. वहीत मी फक्त वेळ लिहिली.

रविवारी चहाच्या वेळी नवऱ्यापुढे वही ठेवली. "बघ, सोमवारी साडेबारा. मंगळवारी सव्वा. बुधवारी दोन. रोज पाऊण तास पुढे. त्यांना तर घड्याळही वाचता येत नाही."

त्याने कप खाली ठेवला, भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेला आणि तिथ्यांवरून बोट फिरवू लागला.

"सोमवारी द्वितीया होती. दोनाची पाऊणपट दीड. तृतीयेची सव्वादोन. चतुर्थीचे तीन."

"हे कसलं गणित?"

"भरतीचं. आमच्या गावात पोरंसोरं तोंडी करायची. पाणी पुरतं चढायची वेळ ती. आई तासभर आधी उठते."

त्याचं गाव उरणच्या बाजूला, खाडीकाठी. भातशेती आणि मिठागर, आणि समुद्राचं पाणी अडवायला मातीचा बांध. उधाणात बांधाला खांड पडली की पाणी शेतातून सरळ घरात. गाव उठून तीस वर्षं झाली. तिथे आता कंटेनर रचून ठेवतात. हे सगळं मला माहीत होतं. पुढचं त्याने लग्नानंतर पहिल्यांदाच सांगितलं.

"सामान वर ठेवून झालं की आई आम्हाला मोजायची. भावंडं आम्ही सहा. ती सात मोजायची. मोठ्या ताईच्या आधी एक होतं म्हणतात, रांगायच्या वयाचं. मी कधी विचारलं नाही."

"कधीच?"

"तू विचारलं असतंस? यादी करून?" टोमणा मारून तो पुन्हा कॅलेंडरकडे वळला.

आमच्या खिडकीतून समोरच्यांची गॅलरी दिसते, खाडी नाही. तिथी तर सोडाच, सासूबाईंना महिनाही सांगता येत नव्हता. मग कळत कशावरून होतं? या प्रश्नासाठी माझ्याकडे रकाना नव्हता.

दोन दिवसांनी सकाळी लिफ्ट बंद होती. खाली वॉचमन लिफ्टच्या खड्ड्याशी पंप लावून बसला होता.

"मॅडम, जिन्याने जा. खाली पाणी आलंय."

"पाइप फुटलाय का?"

"तीन प्लंबर येऊन गेले. पाइप ठणठणीत. पाणी आपलं येतं आन् आपलं जातं. टायमिंग पण रोज वेगळं. वर खारट."

"खारट कशावरून?"

"चाटून बघितलं ना. सेक्रेटरी म्हणाले पुरावा दाखव. आता पुरावा काय बाटलीत भरून देऊ?"

पंप कधी लावला ते त्याने रजिस्टरात लिहून ठेवलं होतं. मी पानांचे फोटो काढले आणि जेवणं उरकल्यावर माझी वही शेजारी ठेवली. दिवसाच्या एकूण एक नोंदी जुळल्या. सासूबाईंनी पहिली चप्पल उचलल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी त्याचा पंप सुरू झालेला. चार मजले वर त्यांना आधी कळत होतं. मी दोन्ही वेळा पुन्हा तपासल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाचच दिवा लावला, भर दुपारी.

पंधरा दिवस झाल्यावर डॉक्टरांनी माझी वही आणि रजिस्टरची पानं नीट वाचली. "जुनी सवय असेल," ते म्हणाले. "पाण्याचं मी काही सांगू शकत नाही. पण या वयात मांडीचं हाड मोडलं तर काय होतं, ते सांगू शकतो. अर्धी गोळी देऊन बघा." त्यांचं काही चूक नव्हतं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी मानेनेच होकार दिला.

चतुर्थीला जेवणानंतर अर्धी गोळी दिली. दोन वाजले तरी त्या उठल्या नाहीत. तीन वाजले. घरातल्या चपला जमिनीवरच होत्या आणि माझंच लक्ष पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे जात होतं. पाच वाजता त्यांना जाग आली.

त्या पलंगावरून वाकल्या, तळहात फरशीवर टेकवला आणि नाकाशी नेला. मग आमच्याकडे बोट करून मोजू लागल्या. नवरा, मी. बोट पुढे गेलं आणि हवेत थांबलं.

"मी निजले व्हते?"

"हो आई. जरा डोळा लागला."

"पानी येऊन गेलं ना? मना उठवलं का नाय?" नवऱ्याचं मनगट त्यांनी घट्ट धरलं. "लहानगं कुटं हाय?"

त्या उतरल्या आणि पलंगाखाली, दारामागे, कपाटाच्या फटीत शोधत राहिल्या, अंधार पडेपर्यंत. इतके दिवस त्यांना घाबरलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं की गोळी बंद करते आहे. ते म्हणाले, ठीक आहे, पण एकट्या सोडू नका.

"पडली तर?" नवऱ्याने विचारलं.

"पडू नयेत म्हणून मी तिथे असेन. वेळ तर आपल्याला आधीच माहीत असते."

तेव्हापासून माझा दिवस तिथीवर चालतो. बँक, बाजार, गुडघ्याचे व्यायाम सगळं पाणी चढायच्या आधी किंवा नंतर. सामान मीच उचलते, त्या नुसतं दाखवतात. त्या बसतात, मी बसते. माझंही वय होत आलंय. पाय वर घेऊन दोन तास बसायला तसं बरंही वाटतं.

आज अमावास्या आहे. सव्वाअकराची भरती. दहालाच मी सगळं पलंगावर रचून फरशी मोकळी केली. त्या आल्या, रचलेलं पाहिलं आणि मान हलवली.

"आनखी वर."

"पलंगावर आहे की आई."

"पलंग पुरायचा नाय आज."

आवाजात भीती नव्हती. आमटीला मीठ कमी आहे हे त्या याच आवाजात सांगतात. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग शिडी आणली. गुडघा कुरकुरत होता, तरी चढले. खालून त्यांनी शिडी दोन्ही हातांनी धरली. आधी तांदूळ माळ्यावर गेले, मग अंथरुणं. त्यानंतर कुणी न सांगता मी कपाट उघडलं आणि फ्लॅटचे कागद, औषधांची पेटी, पासपोर्ट, सगळं एका पिशवीत घालून वर सारलं.

मग पार्किंगमध्ये गेलेल्या नवऱ्याला फोन केला. म्हटलं, गाडी तिथे ठेवू नकोस, वरच्या रस्त्याला नेऊन लाव.

त्याने कारण विचारलं नाही.