राणीच्या पदातला श्वास

सोलापुरात गिरणीच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो, त्याच वर्षी आमच्या हौशी मंडळींनी एक जुनं संगीत नाटक पुन्हा बसवायला घेतलं. बायकांची कामं पुरुषच करत. माझा आवाज बारीक, म्हणून राणी माझ्याकडे आली. आधी ते काम मागखात्यातला एक कामगार करायचा. मी यायच्या आधीच तो वारला होता. त्याला मी पाहिलंही नव्हतं.

त्याच्या बायकोनं, मंडळीतले सगळे त्यांना वहिनी म्हणत, राणीच्या कामात तो नेसायचा तो हिरवा शालू आपणहून दिला. "एकदा तालीम बगू द्या," एवढंच म्हणाल्या.

रविवारी भर दुपारी शाळेच्या मोठ्या वर्गात रंगीत तालीम होती. बाहेर उन्हात चिटपाखरू नव्हतं. वहिनी मागच्या बाकावर एकट्या बसल्या. राणीच्या विरहाच्या पदात, दुसऱ्या ओळीच्या मधेच, मी थांबलो. पेटीवाल्याचे हातही थांबले. मग पद पुढं गेलं.

ते संपताच वहिनी जवळ आल्या.

"तितं थांबायला कुणी सांगितलं तुमाला?"

"कुणी नाही. श्वास पुरला नाही."

"त्येंचा बी तितंच पुरत नव्हता. दुखायचं. हात असाच धरायचे."

मी खाली पाहिलं. माझा उजवा हात शालूवरून छातीच्या डाव्या बाजूला दाबलेला होता. कधी ठेवला, आठवेना.

तालीममास्तर म्हणाले, "पेटीवाला जुना आहे. तो सवयीनं थांबला, तुम्ही त्याच्यामागं." पेटीवाल्यानं नकारार्थी मान हलवली. "आधी हे थांबले. यांचा श्वास अडकलेला ऐकला, म्हणून मी हात उचलला."

आठवडाभर घरी ते पद घोटलं. एकदाही अडखळलो नाही. प्रयोगाला शालू नेसून उभा राहिलो आणि त्याच जागी श्वास तुटला. थिएटर चिडीचूप झालं, मग टाळ्या पडल्या. लोकांना तो अभिनय वाटला. पुढच्या रांगेत वहिनी डोळे मिटून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शालू परत करायला गेलो. त्यांनी चहा दिला.

"डाक्टरला दाखवा की एकदा."

दाखवलं. छातीत काही सापडलं नाही. तरी राणी मी पुन्हा केली नाही. मंडळींनी फार आग्रह केला, तेव्हा घसा धरतो असं सांगून विंगेत पुस्तक घेऊन वाक्यं पुरवायला बसू लागलो.