तडा जाऊ नये म्हणून

चार इंजिनीअर एका खोलीत कोंडले की संशोधन होवो न होवो, किस्से मात्र होतातच! भोपाळच्या आमच्या लॅबमध्ये तर आता ते ठेवायला जागा उरली नाही.

काम तसं सरळ. काही तारा अतिथंड केल्या की त्यांतून वीज विनाअडथळा धावते. पण त्यांच्यावरचं इन्सुलेशन त्या थंडीत आकसतं, तडकतं, आणि तड्यातून वीज बाहेर उडी मारते. न तडकणारं इपॉक्सी, म्हणजे तारांवरचा घट्ट होणारा लेप, बनवायचं, हा आमच्या वैशालीचा ध्यास. नागपूरची पोरगी, भलती जिद्दी! पण तिचं सँपल दर वेळी तडकायचं. हेड म्हणजे जोशी सर, इंदूरचे. ते तिला धीर द्यायचे आणि स्वतःच टेन्शन घ्यायचे.

*

टेस्टची आमची एक रीत आहे. सँपल द्रव नायट्रोजनमध्ये सोडलं की सगळ्यांनी भांड्याभोवती चिडीचूप उभं राहायचं. तडा गेला की बारीक 'टक्' ऐकू येतं. असेच आम्ही माना खाली घालून उभे असताना चार इमलीचे, म्हणजे बड्या सरकारी अधिकाऱ्यांच्या वस्तीतले, एक साहेब लॅब बघायला आले. आम्हाला बघून त्यांनी गॉगल काढला, हात जोडले आणि तेही मान घालून उभे राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी सरांना हळूच विचारलं, "कौन थे?"

सर म्हणाले, "अभी तक तो हैं."

*

मध्यंतरी नायट्रोजन संपला, तेव्हा सर स्वतः करोंदला गेले. तिथला एक दुकानदार गुरांच्या दवाखान्यांना कृत्रिम रेतनासाठी नायट्रोजन पुरवतो. त्यानं विचारलं, जनावर कोणतं? सरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, जनावर नाही, इपॉक्सी आहे.

"नई नस्ल है? दूध कितना देती है?"

*

वैशालीच्या मावशीनं नागपुरात सांगून ठेवलं होतं, पोरगी थंडीत भेगा पडू नयेत असं काहीतरी शोधतेय. दिवाळीला ही घरी गेली, तर शेजारच्या काकू टाचा पुढे करून बसलेल्या! हिनं समजवायला घेतलं, तर मावशीच भडकली.

"घरच्यांच्या टाचा सोडून जगाचं भलं करून राहिली का तू?"

*

मग वरून निरोप आला. ही शेवटची टेस्ट. तडकलं तर माल बाहेरून मागवू, वैशालीचं काम बंद.

त्या दिवशी मला तिच्याकडे बघवत नव्हतं. सँपल आत गेलं, वाफा उठल्या, सगळे चिडीचूप. सर नीट ऐकू यावं म्हणून भांड्याशी खाली वाकले, आणि 'टक्'!

वैशाली मटकन खुर्चीत बसली. डोळे भरून आले.

सँपल बाहेर काढलं. त्यावरचं बर्फ वितळल्यावर भिंगाखाली फिरवून फिरवून पाहिलं. एकही चीर नाही! पुन्हा बुडवून हाय व्होल्टेज दिलं, तेही झेललं. मग 'टक्' झालं कुठे? सर परत बघायला वाकले.

'टक्'!

वैशालीनं डोळे पुसले. "सर, सँपल पास आहे. तुम्ही गुडघा दाखवून घ्या."