सोवळ्यातली वाइन

माझी आई आयुष्यात पहिल्यांदा वाइन प्यायली, तीही सोवळ्यात.

साठच्या दशकातलं बेंगळुरू. आमचे वडील, अण्णा, कारखान्यात इंजिनिअर. शेजारच्या क्वार्टरमध्ये मशीन बसवायला आलेला इटालियन साहेब आणि त्याची बायको रोझा.

रोझाला इंग्लिश येईना, आईला इटालियन. दोघी भाजीवालीकडून उचललेल्या कन्नडात तासन्‌तास गप्पा मारायच्या. या गावात आईची तेवढी एकच मैत्रीण.

रोझा कायमची परत निघाली, तेव्हा आईनं तिला जेवायला बोलावलं.

सकाळीच ती एक बाटली देऊन गेली. दक्षिण इटलीतल्या, तिच्या वडिलांच्या मळ्यातली पांढरी वाइन. "अक्का, नम्म अप्पा," आमचे बाबा, एवढंच म्हणाली आणि डोळे पुसले.

थोड्या वेळानं अण्णा घरी आले. बाटली देव्हाऱ्यात!

"दारू? आत्ताच्या आत्ता परत देऊन ये!"

"अहो, घरात आलेली वस्तू आधी देवापुढे, हा तुमचाच नियम. हात सवयीनं गेला. आता प्रसाद झाला तो."

आणि प्रसादाला नाही म्हणायचं नाही, हेही अण्णांनीच शिकवलेलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

दुपारी वाइन चांदीच्या वाट्यांत ओतली. आईनं श्रीखंड खाऊन घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"स्वल्प आंबट!"

रोझानं हसत श्रीखंड बाजूला सारलं, कोथिंबीर वडी पुढे केली. गरम वडी, मग घोट. आईचा चेहरा एकदम खुलला.

मी वडीवर लिंबू पिळायला गेले.

"थांब गं," आईनं वाइनच्या वाटीकडे बोट दाखवलं. "लिंबाचं काम हिनं केलंय."

अण्णांनी वाइन तीर्थासारखी तळहातावर घेतली. मग गुपचूप वाटी पुढे केली.

निघताना रोझानं आईला मिठी मारली. सोवळं मोडलं. आईनंही तिला सोडलं नाही.

पुढे कधीतरी मी विचारलं, "आई, खरंच सवयीनं ठेवलीस बाटली?"

"छे! अण्णा फाटकाशी दिसले, म्हणून ठेवली. रोझाला ती परत कुठल्या तोंडानं दिली असती?"

आज आईला जाऊन वर्ष झालं. बाटली आणली, देवापुढे ठेवली. दादा म्हणाला, "आजच्या दिवशी वाइन?"

म्हटलं, प्रसाद आहे. मुकाट्यानं घे.

आई, तुझी फार आठवण येते.

वड्या गरम आहेत. लिंबू पिळलेलं नाही.