भूपेंद्र आणि त्यानंच गाळलेलं बटन

आमच्या पवनीत भूपेंद्र नेमकं काय काम करतो, हे आजवर कोणालाच नीट सांगता आलेलं नाही. विणकराच्या घरचा पोरगा. आजोबांचा हातमाग जिथं होता त्याच खोलीत लॅपटॉप मांडून बसतो आणि बेंगळुरूच्या एका कंपनीसाठी वेबसाइटची पानं बनवतो. त्याची आई विमलाबाई शेजारणींना सांगते, "घरीच राह्यते." एवढ्या दोन शब्दांनी त्याच्या लग्नाची पार वाट लावली आहे.

पगार चांगला आहे, पण पगाराला विचारतो कोण? सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडला तो कमावता, अशी आमच्याकडची व्याख्या. कुठल्याशा खात्याच्या गेटवर बसून पेंगणारा पोरगाही भूपेंद्रपेक्षा वरचं स्थळ.

समाज मंडळाला लग्नं जुळवायची वेबसाइट हवी झाली, तेव्हा मात्र सगळ्यांना भूपेंद्र आठवला. फुकटात करायची होती ना. मंडळाचे अध्यक्ष गोपाळराव, सरकारी कचेरीतले रिटायर्ड बडे बाबू, स्वतः घरी आले आणि नियम सांगून गेले.

"मुलीच्या माहितीखाली 'पसंती कळवा' असं बटन ठेव. पण सरकारी नोकरी असन त्यालेच. बाकीच्याइले नाही."

"बाकीच्यांसाठी लपवून ठेवू का काकाजी?"

"लपवलेलं लोकं शोधतेत. नाहीच पायजे."

भूपेंद्रला हुरूप आला. लपवणं आणि नसणं यातला फरक ओळखणारा माणूस त्याला पवनीत प्रथमच भेटला होता. त्यानं समजावलं की लपवलेलं बटन पानात असतंच, नुसतं दिसत नाही. पण अट घातली तर अट खरी होईपर्यंत ते बटन बनतच नाही. गोपाळराव म्हणाले, "बस, हेच पायजे समाजाले." पोरानं अट लिहिली, स्वतःच्या नावानं साइटवर शिरून तपासली. बटन आलं नाही. काम चोख झालं म्हणून तो खूश झाला, आणि आपण काय चोख केलं ते त्याला जेवताना कळलं.

कारण साइटवरच्या मुलींत सानगडीची रंजिताही होती. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. नाटक होतं, घरोघरी पाहुणे येतात, आणि अर्ध्या सोयरिकी तिथंच जमतात. मागच्या मंडईत भूपेंद्र सानगडीला मित्राकडे गेला होता. शेजारची रंजिता तिथं बसलेली. तिनं विचारलं, "तुमी काय करता?" त्यानं सांगायला सुरुवात केली आणि तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मधे जांभईसुद्धा दिली नाही. बिचारा त्या दिवसापासून कामातून गेला.

यंदा तिचे वडील भय्याजी यांनी जाहीर केलं की मंडईच्या आधी साइटवर ज्यांची पसंती येईल, त्यातल्याच एकाला घरी पोह्यांना बोलावू. मी त्याला म्हटलं, "एसटीत बस अन् भय्याजीले सरळ सांगून ये. कायले बटन पायजे?"

"असं कसं, भाऊ? पद्धत हाये."

पद्धत त्यानंच लिहिली होती, पण हे त्याला सांगून उपयोग नव्हता.

एका दुपारी त्यानं ठरवलं, अट काढायची, बटन दाबायचं, अट परत लावायची. फक्त स्वतःपुरती सूट देता आली असती, पण कोडात आपलं नाव लिहायची त्याला लाज वाटली. म्हणून अट सगळ्यांसाठीच उघडली. धानकापणीचे दिवस, सगळे शेतात, बांधीत. साइट बघायला कोण बसलंय, असा त्याचा हिशेब.

आता तुम्ही-मी काय केलं असतं? पान उघडून बोटानं बटन दाबलं असतं. पण भूपेंद्र पडला इंजिनिअर. त्यानं बटन शोधून दाबणारा कोड लिहिला. कोड म्हणाला, असं बटनच नाही, आणि तिथंच अडकून त्याच्या लॅपटॉपवरचं पानही पांढरंफटक पडलं. त्यानं नाव तपासलं, अट तपासली, इंटरनेट बंद करून सुरू केलं. दुपार गेली. गडबड एवढीच होती की अट खरी झाल्यावर पान नव्यानं काढलं जातं, मग बटन येतं. याचा कोड त्याआधीच हात पुढं करत होता. पाहुणे अजून फाट्यावर एसटीतून उतरताहेत आणि हा अंगणात त्यांच्या पायावर पाणी ओततोय.

दिवेलागणीला त्याची ट्यूब पेटली. "आधी पान काढून होऊ दे, मग शोध" अशी एक ओळ घातली, आणि बटन सापडलं, दाबलं गेलं. त्यानं अट परत लावली. मला बोलावून दाखवलं. एवढा आनंदलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

मंडईच्या आदल्या दिवशी गोपाळराव पेढे घेऊन आले. मी तिथंच होतो. त्यांचा मुलगा विनोद हैदराबादला प्रायव्हेटमध्ये आहे. गावात मात्र काकाजी "पर्मनंट होऊनच राह्यला" असं सांगतात.

"आमच्या विनोदले भय्याजीनं पोह्याले बोलावलं. रंजितासाठी. तुहीच कृपा म्हणायची."

भूपेंद्रनं पेढा हातातच धरला. "माही कशी, काकाजी?"

"त्या दिवशी दुपारी साइटवर बटन आलं म्हणे. विनोदनं फोनवर पाह्यलं अन् दाबलं. लय पोराइनं दाबलं, पण भय्याजी म्हणे, ज्याची पयली आली तो खरा आतुर." मग त्यांनी भूपेंद्रकडे नीट पाहिलं. "तुही बी होती म्हणे यादीत. सगळ्यात खाली. काहून रे? तू तं घरीच होतास."

मला त्या माणसाचा असा संताप आला की उठून बाहेर जावंसं वाटलं. भूपेंद्रनं मात्र खरं ते सांगितलं.

"मी बटन शोधून राह्यलो होतो, काकाजी."

"शोधाचं काय त्याच्यात? समोरच तं होतं." गोपाळरावांनी पेढ्यांचा डबा विमलाबाईंच्या हाती दिला आणि दारातून वळून म्हणाले, "अन् ते अट आता पक्की ठेवजो बाप्पा. प्रायव्हेटवाले लय घुसून राह्यले."

भूपेंद्र "हो" म्हणाला.